मामा, ते पाणी आपल्या घरात आलं

गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी आमच्याकडे फिनिक्सला आले होते. मॉन्युमेंट व्हॅलीची सहल ठरलेलीच. (आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिकडे नेणं हा आता घरचा कुळाचार झालाय!) रात्री मुक्काम कायेंटाला. नवाहो लोकांच्या प्रदेशातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मोटेलातलं घड्याळ तासभर पुढे पाहून मामी गोंधळल्या. बाकीचं ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन मात्र करतं. त्यांचं राज्य, त्यांची वेळ.

सकाळी गावातल्या सार्वजनिक नळावर एक आजी आणि त्यांचा नातू पिकअपमधली मोठी प्लास्टिकची टाकी भरत होते. मामा पटकन म्हणाले, "पाणी नाही, वीज नाही, मग इथे राहतात कशाला हे लोक? शहरात जाऊन चार पैसे मिळवावेत की!"

मी गप्प बसले. परतीच्या वाटेवर तीनशे मैल एकाच गाडीत बसायचं असताना वाद घालू नये. पण मामा, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे, म्हणून आता इथे भांडते. रागावू नका.

कायेंटाजवळ ब्लॅक मेसा नावाचं पठार आहे. तिथल्या खाणीतला कोळसा रेल्वेने पेजजवळच्या वीजकेंद्रात जायचा. हे केंद्र १९७४ साली सुरू झालं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद पडलं. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा केंद्र सरकारचा होता आणि ती वीज मुख्यतः एका कामासाठी होती: कोलोरॅडो नदीचं पाणी उपसून फिनिक्स आणि टूसॉनकडे पाठवणं. कालवा सुमारे ५४० किलोमीटर लांब, आणि शेवटच्या टोकापर्यंत पाणी जवळजवळ ९०० मीटर वर चढवावं लागतं. म्हणजे अर्ध्या कळसूबाईहून जास्त!

आमच्या नळाला जे पाणी येतं, मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावात तुम्ही ज्यात रोज डुंबत होतात, त्यातलं काही पाणी वर्षानुवर्षं त्या कोळशावर चढून आलं. आणि त्या केंद्राच्या तारा ज्यांच्या डोक्यावरून जात होत्या, त्यांतल्या कितीतरी घरांत दिवा नव्हता. आजही नवाहो प्रदेशात हजारो घरांत वीज नाही, आणि अंदाजे ३० टक्के घरांत नळ नाही. याला मागासलेपण म्हणायचं? मी तर याला थकलेलं बिल म्हणते, आणि ते आपल्या नावावर आहे.

खाणीने आणि केंद्राने नवाहोंना पगार दिले, त्यांच्या सरकारला उत्पन्न दिलं, हे खरं आहे. म्हणूनच २०१९ साली दोन्ही बंद झाल्यावर कायेंटातल्या घरांना मोठा फटका बसला. पण पगार हा कामाचा मोबदला. पाणी आणि वीज ही घरात यायलाच हवी होती.

आता तुमचा मूळ प्रश्न. राहतात कशाला? १८६४ साली अमेरिकन सैन्याने हजारो नवाहोंना पायी चालवत शेकडो मैल दूर, बॉस्के रेडोंडोला नेऊन कोंडलं. चार वर्षं उपासमार, रोगराई. १८६८ साली तह करून ते परतले, ते आपल्या पवित्र डोंगरांच्या मुलुखातच. 'इथून दुसरीकडे जा' हा सल्ला त्यांना एकदा बंदुकीच्या धाकाने मिळून चुकलाय. आणि त्या तहाचं पुढे काय झालं? जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं तहानुसार सरकारवर बंधनकारक नाही.

आठवतंय, न्याहारीच्या वेळी त्या बाईंनी आपली ओळख कशी करून दिली? आधी आईचं कुळ, मग वडिलांचं, मग दोन्ही आजोबांची. "अरे, हे तर आपलं गोत्र!" म्हणून तुम्ही केवढे खूश झालात! एका कुळात लग्न नाही, हेही आपल्यासारखंच. फरक एवढाच की त्यांचं कुळ आईकडून येतं. नातीगोती अशी त्या मातीला बांधलेली असताना 'शहरात जा' म्हणणं फार सोपं आहे. तुम्ही कराडचे. कोयनेच्या धरणग्रस्तांना 'मुंबईत जा की' असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

आमच्या इथल्या काही मित्रांची तऱ्हा उलटी. "किती साधं, निसर्गाच्या जवळचं जगणं!" म्हणतात. टाकी भरायला रोज पेट्रोल जाळणं यात कसला आलाय निसर्ग? त्या आजींना विचारा, नळ हवा की कौतुक.

कायेंटाजवळ २०१७ पासून नवाहोंच्याच वीजसंस्थेचा सौर प्रकल्प चालतोय. २०१९ पासून बाहेरगावचे वायरमन येऊन घराघरांत तारा ओढून देताहेत. तेव्हा 'हे लोक काही करत नाहीत' असंही म्हणू नका.

असो, बरंच बोलले. मामा, पुढच्या खेपेला आंघोळीला शॉवर सोडाल, तेव्हा ती टाकी एकदा आठवा. मग मला फोन करून भांडा, मी तयार आहे.