कॅज्युअल्टीत जाण्याआधी घरात बोला

घरात कुणाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असेल, किंवा हृदय अगदी थकलं असेल, तर एखाद्या रात्री धाप वाढणार आणि १०८ ला फोन जाणार, हे धरूनच चला. फोन करण्यात चूक काहीच नाही. घोळ होतो तो पुढे. कॅज्युअल्टीतल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. ते विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" थोरला म्हणतो, सगळं करा. धाकटी म्हणते, आईला हे नको होतं. मामा फोनवरून तिसरंच सांगतात. तेवढ्यात घशात नळी जाते, आणि एकदा घातलेली नळी काढायचं ठरवणं फार जड जातं.

(धडधाकट माणसाचा अपघात, हार्ट अटॅक, सर्पदंश यांना यातलं काहीही लागू नाही. तिथे धावा आणि सगळं करा.)

म्हणून बोलणं आधी व्हायला हवं, तेही पेशंटशी. "असं अभद्र बोलू नये" हे जरा बाजूला ठेवा. आयसीयू चालेल का, शेवटी घरी राहायचंय का, त्यांच्या वतीनं कोणी बोलायचं, हे सरळ विचारा आणि लिहून ठेवा. अशा कागदाला लिव्हिंग विल म्हणतात; सर्वोच्च न्यायालयानं ते २०१८ मध्ये मान्य केलं. २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. ते अमलात आणायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते, आणि ती मध्यरात्री कॅज्युअल्टीत मिळत नाही. तरी कागद करा. निदान त्या घटकेला घर एका तोंडानं बोलेल.

शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि हा कागद एका पिशवीत ठेवा. दहा वर्षांचे रिपोर्ट नकोत.

"व्हेंटिलेटर नको" म्हणजे "उपचारच नकोत" असं नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेदना, धाप, तळमळ, घशातली घरघर या सगळ्यांवर औषधं आहेत. मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात. पण योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन वेदना आणि धाप दोन्ही हलकी करतं, जीव घेत नाही. ते तिथे नसेल तर दुसरं काय देता येईल, हे विचारा. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारे, डॉक्टर असतील तर त्यांना बोलवायला सांगा. पडदा ओढून घ्या, जवळ बसायला एक स्टूल मागा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं गंगाजल घालू नका, ठसका लागतो. बोट बुडवून ओठांना लावा.

घरी न्यायचं ठरलं तर नुसती "स्वतःच्या जबाबदारीवर" अशी सही करून निघू नका. औषधं, ती कशी द्यायची याची चिठ्ठी आणि रात्री फोन करायचा नंबर घेऊनच निघा. मृत्यूचं सर्टिफिकेट द्यायला घरी कोण येईल, हेही फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. त्या कागदाशिवाय स्मशानात अडवतात.