चाळीस वडापावांचा ड्रॅगन

शुक्रवारची रात्र, पावसामुळे प्लॅन कॅन्सल, फ्लॅटमध्ये आम्ही तिघी आणि गार पडलेला पिझ्झा. अशा वेळी भांडायला विषय शोधावा लागत नाही. आमचा विषय होता, ड्रॅगनाइट भारी की चॅरिझार्ड?

हसू नका. तुमच्या ऑफिसातल्या गंभीर चेहऱ्याच्या टीम लीडला हाच प्रश्न एकदा विचारून बघा. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले गेम आले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. चॅरिझार्ड म्हणजे तो नारंगी, पंखवाला, शेपटीला ज्योत असलेला. गंमत म्हणजे पहिल्या गेमच्या हिशोबात तो 'ड्रॅगन' प्रकारात बसतच नाही. तो 'फायर' आणि 'फ्लाइंग'. ड्रॅगनाइट मात्र अस्सल ड्रॅगन, पण दिसायला गोल पोटाचा, एकदम गोडुला. माझं मत ड्रॅगनाइटला. आयटीवाल्या रूममेटचं चॅरिझार्डला. पैज लागली, हरेल तिने महिनाभर बाथरूम घासायचं.

आता मी पडले मास कॉमवाली. बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झाले, तेही बाबा स्वतः ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत असताना! तेव्हा ते एक अक्षरही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. तेव्हापासून आमचा फोन म्हणजे "जेवलीस का?", "हो", "आईला देतो". बस्स.

पण बाथरूमचा प्रश्न होता. शनिवारी सकाळी सातारला फोन लावला. "बाबा, तुम्हाला एक विचारायचंय. कोणत्या ड्रॅगनची ताकद जास्त, हे कसं काढायचं?"

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "ताकद म्हणजे काय? बल, ऊर्जा की शक्ती?"

झालं ना! आपण रोज हे तिन्ही शब्द एकाच डब्यात भरतो. बाबांच्या वहीत मात्र ऊर्जा म्हणजे एकूण खर्च आणि शक्ती म्हणजे दर सेकंदाचा खर्च. वर्षाचं पॅकेज आणि दर महिन्याचा पगार यांत असतो, साधारण तसा फरक.

"माहिती काय आहे?" त्यांनी विचारलं. माहिती भरपूर होती. गेममधल्या 'पोकेडेक्स'मध्ये प्रत्येकाची उंची-वजनं दिलेली असतात. ड्रॅगनाइट २.२ मीटर, २१० किलो. तो पृथ्वीला १६ तासांत फेरी मारतो, असं २००२ च्या 'रुबी' गेममध्ये म्हटलंय. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, भागिले १६. म्हणजे ताशी सुमारे २,५०० किलोमीटर, आवाजाच्या वेगाच्या दुप्पट. आता वस्तुमानाचं अर्धं गुणिले वेगाचा वर्ग केला, की गतिज ऊर्जा येते सुमारे ५ कोटी जूल.

मला ५ कोटी काय कळतात? वडापावात काढलं. एका वडापावाच्या ३०० कॅलरी धरल्या तर होतात साधारण ४० वडापाव. एवढंच? माझा हिरो चाळीस वडापावांत आटोपला?

"हवेचा विरोध धरलास का?" बाबा.

नव्हता धरला. आणि सगळा खर्च तिथेच होता. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. बाबांनी ड्रॅगनाइटचा समोरचा आकार एक चौरस मीटर धरला, त्याला दिलदारपणे बऱ्यापैकी निमुळता मानला आणि हवा धरली समुद्रसपाटीची. उत्तर आलं सुमारे ६ कोटी वॅट. म्हणजे दर सेकंदाला ४८ वडापाव. सोळा तासांचे सत्तावीस लाखांच्या वर! गाडीवाला मालामाल.

आता चॅरिझार्ड. वजन ९०.५ किलो, आणि २००४ च्या 'फायररेड'नुसार उडण्याची उंची जवळपास ४,६०० फूट. तेवढं वर चढायला लागणारी ऊर्जा काढली तर बरोब्बर एक वडापाव! स्नायू खाल्लेल्यातलं पाऊणएक उष्णतेत घालवतात हे धरलं, तरी चार. मी फोनवरच नाचले.

पण थांबा. त्याची खरी ताकद आगीत आहे. तो धोंडे वितळवतो, असं पहिल्याच गेममध्ये लिहिलंय. बाबांनी सह्याद्रीतला काळा बेसाल्ट घेतला. तो वितळायला साधारण १,२०० अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे किलोमागे सुमारे १६ लाख जूल. मीटरभर लांब-रुंद-उंच धोंडा भरतो २,९०० किलोच्या आसपास. गुणाकार केला, साधारण ४६० कोटी जूल. घरातले सात गॅस सिलेंडर! हे त्याने दहा सेकंदांत केलं असं धरलं, तर शक्ती ४६ कोटी वॅट. ड्रॅगनाइटच्या साडेसातपट.

मी गप्प. बाबा मात्र रंगात आले होते. "पण सात सिलेंडरांत गॅस किती? १४.२ गुणिले ७, जवळजवळ शंभर किलो. आणि तुझा नारंगी सरडा नव्वद किलोचा! एक धोंडा वितळवायला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त इंधन? पोटात ठेवतो कुठे?"

म्हटलं, "बाबा, मग धोंडा छोटा असेल तर?" तेही काढलं. अर्धा मीटर लांब-रुंद-उंच धोंड्याला बरोबरी होते. त्याहून मोठा असेल तर चॅरिझार्ड, लहान असेल तर माझा ड्रॅगनाइट. धोंड्याचं माप गेमने दिलेलं नाही. म्हणजे पैज बरोबरीत, बाथरूम आलटून पालटून.

फोन ठेवताना बघितलं, बावन्न मिनिटं! आईचा नंबर लागलाच नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांचा फोटो आला. वहीच्या पानावर सगळी गणितं, त्यांच्या तिरक्या अक्षरात, आणि कोपऱ्यात एक आकृती. आधी वाटलं, कोंबडी आहे. तो ड्रॅगनाइट होता. खाली लिहिलं होतं : 'पंख फारच लहान. क्वेट्झालकोॲटलस नावाचा उडणारा प्राणी साधारण याच वजनाचा होता, पण पंखांचा पसारा दहा मीटर. तुझा उडतो कसा? विचार करून सांग.'

तर मंडळी, सध्या मी विचार करतेय. पुढच्या शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

हा लेख लिहिणार असल्याचं त्यांना कळवलं, तेव्हा लगेच रिप्लाय आला, 'छापून येणार? मग एककं नीट लिही. एककाशिवाय उत्तर असेल तर अर्धा मार्क जातो.'

लिहिलीत, बाबा. जूल, वॅट आणि वडापाव.