गहूं वर्ज्य असलेलें ताट

पोळी हें सुस्थितीचें अन्न व भाकरी हें गरिबीचें, ही समजूत आपल्या घरांतून अद्याप पुरती गेलेली नाहीं. परंतु घरांतील एखाद्या मुलास गहूं कायमचा वर्ज्य आहे असें डॉक्टर सांगतात, तेव्हां हीच भाकरी त्या घराचा आधार होते.

सीलिअ‍ॅक नांवाच्या विकारांत गव्हांतील ग्लूटेन ह्या चिकट द्रव्यामुळें लहान आंतड्याच्या अस्तरास इजा होते. मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, मूल खुरटतें, त्यास पांडुरोग जडतो. ह्या विकाराचें मूळ गव्हांत आहे, हें हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें. ह्यावर उपाय जन्मभराच्या पथ्याचा. मात्र संशय येतांच आपल्या मनानें गहूं बंद करूं नये; रक्ततपासणीपूर्वीं तो सोडल्यास निदान चुकण्याचा संभव असतो.

ज्वारी, बाजरी, नाचणी व वरी ह्यांत ग्लूटेन नाहीं. शिवाय शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच दुधाच्या हें जवळजवळ तिप्पट होय.

ग्लूटेन नसल्यामुळेंच भाकरीचें पीठ कणकेसारखें ताणलें जात नाहीं व चिरतें. त्यास उकड हा जुना उपाय आहे. वाटीभर पाण्यांत मीठ घालून उकळी आणावी, त्यांत वाटीभर ज्वारीचें पीठ घालून उतरवावें व दहा मिनिटें झांकून ठेवावें. उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकटपणा येतो. मग तळहातानें खूप मळून भाकरी थापावी. तव्यावर टाकतांना पिठाची बाजू वर ठेवून तिला पाणी लावावें, तें सुकतांच उलटावी व शेवटीं विस्तवावर फुगवावी. बाजरी मात्र थोडी थोडीच दळावी. तींतील स्निग्धांशामुळें पीठ लवकर कडू होतें.

पथ्य बिघडतें तें बहुधा नकळत. गिरणींत गव्हामागून ज्वारी टाकली कीं गव्हाचें पीठ तींत उतरतें. म्हणून हें दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या ठेवलेल्या घरगुती चक्कीवरच करावें. परात, पोळपाट व तवा निराळे असावेत. थालिपिठाच्या भाजणींत व मेतकुटांत पुष्कळदा गहूं असतो. बांधानी हिंगांतही गव्हाचें पीठ मिसळलेलें आढळतें. खडा हिंग पारखून घेणें बरें.

सर्वांत कठीण प्रसंग असतो तो मायेचा. “प्रसादाच्या एका घासानें काय होतें?” असें वडीलधारीं माणसें प्रेमानें म्हणतात, परंतु ह्या विकारांत तो घासही अपाय करतो. ज्या घरीं असें मूल आहे, तेथें प्रसादाचा शिरा सर्वांसाठींच तांदळाच्या रव्याचा करावा. पंगतींत एकाच मुलाचें ताट निराळें दिसूं देण्यापेक्षां आठवड्यांतून दोन-तीन दिवस साऱ्या घरानें भाकरी खावी. भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपण आवडीनें खातोंच. तोच मान तिला इतर दिवशींही दिला, तर त्या मुलास पथ्य हें शिक्षेसारखें वाटणार नाहीं.