स्ट्रेचचे कापड : दोष एकट्या टेलर मास्टरांचा नाही

हल्ली आमच्या दुकानात पॉपलिन आणि केंब्रिकची मागणी उतरली आहे, छापील स्ट्रेच कापडाचे ताके मात्र फळीवर टिकत नाहीत. मुलींना अंगाबरोबर बसणारा, लांब बाह्यांचा, फुलाफुलांचा टॉप हवा असतो. हे काम आपल्या मोहल्ल्यातील मास्टरांकडे यायला हवे, पण ते तयार मालाच्या दुकानांकडे जात आहे. आमचे व्यापारी बंधू म्हणतात, मास्टरांना स्ट्रेच शिवता येत नाही. हे अर्धेच खरे आहे.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर एका मास्टरांनी आमच्याकडून चार मीटर छापील कापड नेले. आम्ही एवढेच म्हणालो, "स्ट्रेच आहे, बेफिकीर राहा." ते फक्त आडवे ताणते, उभे नाही, हे आम्ही सांगितले नाही, कारण आम्ही स्वतःच ओढून पाहिले नव्हते. फुलांच्या वेली पन्ह्यात आडव्या छापल्या होत्या. त्या टॉपवर उभ्या दिसाव्यात म्हणून मास्टरांनी कापड फिरवून कापले. सगळा ताण लांबीत गेला, घेरात काही उरला नाही. तीन टॉप डोक्यातून शिरेनात. मास्टर आले तेव्हा आम्ही पाटीकडे बोट दाखविले : कापलेले कापड परत घेतले जात नाही. गिऱ्हाइकाचे पैसे त्यांनी पदरचे भरले. तेव्हा आम्हांला आपले बरोबर वाटले होते, आज वाटत नाही.

मालेगाव-भिवंडीच्या मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते. होजिअरीचे कापड सुताच्या फासांनी गुंफलेले असते, म्हणूनच ते ताणते. त्यात लायक्रा असेल तर ते ताणून पुन्हा जागेवर येते. (हा धागा १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला.) किती ताणते हे काउंटरवरच कळते. १० सेंटिमीटरची घडी पट्टीवर धरून सहज ओढावी. १५ पर्यंत गेली तर ताण ५० टक्के, साडेबारापर्यंत गेली तर २५. सोडल्यावर ती १० वर परत आलीच पाहिजे. नाही तर महिन्याभरात कोपर आणि कंबर लोंबणार. जिकडे जास्त ताण, ती बाजू अंगाच्या घेरात यावी, मग छपाई कशीही असो.

छपाईचीही एक गोष्ट आहे. पॉलिएस्टरवर कागदावरून उष्णतेने चढविलेला रंग वरच्या थरावरच बसतो. टॉप फार घट्ट केला तर छातीवर फुले फाटल्यासारखी होऊन खालचा पांढरा दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणते, रंग कच्चा. रंग कच्चा नसतो, माप चुकलेले असते.

मास्टरांचीही सवय आड येते. सुती कुर्तीला छातीत दोन-तीन इंच सैल ठेवायचे हे हातात बसलेले. तेच स्ट्रेचला केले की टॉप पोत्यासारखा होतो, आणि मग बाजूची शिलाई तीन-तीनदा आत घ्यावी लागते. चांगला ताण असेल तर छातीचे माप अंगाइतके किंवा एक-दोन इंच कमी धरावे. ताका उघडून कापड रात्रभर मोकळे पडू द्यावे, सुती लायक्रा असेल तर आधी धुवावे. सुई गोल टोकाची घ्यावी. टोकदार सुई फास तोडते आणि भोक दोन धुण्यांनंतर दिसते. दोरा पॉलिएस्टरचा असावा. साधी सरळ शिलाई मुंढ्यात पहिल्याच दिवशी तटकन तुटते, म्हणून चार दोऱ्यांचा ओव्हरलॉक हवा, नसेल तर बारीक झिगझॅग. खांद्यात पट्टी घालावी, नाही तर खांदा उतरतो. गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा १५ ते २० टक्के कमी कापावी. आणि शिवताना कापड हाताने ओढू नये, शिलाई लाटांसारखी होते.

लोक म्हणतात, यात ना डार्ट, ना हूक, ना चेन, मग शिलाई कशाची? पण कात्रीखाली घसरणारे हे कापड कापायलाच दुप्पट वेळ खाते. साध्या कुर्तीच्या दरात हे काम घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आम्ही प्रत्येक ताक्याला चिठ्ठी लावतो : ताण कोणत्या बाजूने, किती टक्के, सुती की पॉलिएस्टर. शेजारचे दुकानदार हसतात, चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक उठून जाते म्हणतात. कधी कधी जातेही. त्या मास्टरांकडे चार मीटरचे पैसे घेऊन आम्ही गेलो होतो. त्यांनी पैसे घेतले नाहीत, कापड घेतले, तेही काउंटरवर स्वतः पट्टी लावून.

व्यापारी बंधूंनी सुरतेहून माल उचलताना ताणाचा आकडा बिलावर लिहून मागावा. आम्ही दोन अडत्यांकडे मागितला. एकाने लिहून दिला. दुसरा म्हणाला, "सेठ, आजवर कुणी विचारलेच नाही."