आकडा इंजिनाचा, मथळा कंपनीचा

मित्रांनो, आज राजकारण नाही. खड्डे, पुनर्विकास, पाणी, सगळं उद्या. आज बुद्धिबळावर लिहितोय आणि जरा रागानेच लिहितोय. ज्यांची मुलं मोबाईलवर चेस खेळतात त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात लालबागला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चाळीतलं घर, पोरगी अकरा वर्षांची, बुद्धिबळाचं वेड. जवळच्याच एका क्लासला जाते. क्लासचं नाव घेत नाही, कारण हा एकाचा प्रश्न नाही. तिथे दर आठवड्याला ज्याच्या ऑनलाइन डावांत सगळ्यात जास्त 'ब्रिलियंट' चाली निघतील त्याला मेडल आणि ग्रुपवर फोटो. हिला एकदाही मिळालं नाही. तिने मला तिचा एक डाव दाखवला. दोन्हीकडे फक्त राजा आणि प्यादी उरलेली. हिने राजा पुढे न नेता एक घर मागे घेतला, वळसा घालून पुन्हा त्याच जागी आणला, आणि समोरच्याला नाइलाजाने जागा सोडावी लागली. डाव जिंकला. अकराव्या वर्षी हे सुचणं म्हणजे पोरीला खेळ कळतोय. त्या चालीवर ॲपचा शिक्का काय? नुसतं 'बेस्ट'. मेडल ज्या मुलाला गेलं त्याने घोडा मारायला दिला होता.

आणि मग ती मला विचारते, "काका, वजीर देऊन टाकला की दोन उद्गारचिन्हं मिळतात ना?"

हे वाक्य ऐकलं आणि ठरवलं, यावर लिहायचंच.

मी मूळचा तालुक्याच्या गावातला बातमीदार. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, त्यानंतर अनेक वर्षं बातम्या पाठवल्या. त्यात एक गोष्ट पक्की शिकलो: बातमी एक जण लिहितो आणि मथळा दुसराच कुणीतरी देतो. मथळा देणाऱ्याला पेपर खपवायचा असतो. बुद्धिबळाच्या ॲपमध्ये नेमकं हेच चाललंय. आकडा इंजिनाचा असतो, मथळा कंपनीचा असतो. आपण मथळ्यालाच बातमी समजून बसलोय.

जरा उलगडून सांगतो. स्टॉकफिशसारखं इंजिन पटावरची स्थिती बघतं आणि कोण किती पुढे आहे ते आकड्यात सांगतं. त्याला 'ब्रिलियंट' हा शब्दच माहीत नाही. चेस डॉट कॉम त्या आकड्यावर आपलं गणित बसवतं. जिंकण्याची अपेक्षा शून्य ते एक या पट्टीवर मोजायची. चाल खेळल्यावर ती अपेक्षा ०.०५ ते ०.१० ने घसरली तर 'इनअ‍ॅक्युरसी', ०.१० ते ०.२० घसरली तर 'मिस्टेक', त्याहून जास्त घसरली तर 'ब्लंडर'. इथपर्यंत ठीक आहे. चूक मोजता येते.

पण दोन उद्गारचिन्हांचं काय? कंपनीनेच सांगितलेला नियम असा: मोहरा बळी दिलेला हवा, बळी योग्य हवा, चालीनंतर तुमची स्थिती वाईट नको, आणि ती चाल न खेळताही तुम्ही आरामात जिंकतच होतात असं नको. शिवाय नवख्या खेळाडूला हा शिक्का जरा सढळ हाताने दिला जातो. म्हणजे एकच चाल, पण माणूस बघून शिक्का. नवशिक्याला हुरूप यावा म्हणून करतात, मान्य. मग त्याला शाबासकी म्हणा. प्रतिभेचं प्रमाणपत्र का म्हणता?

आता या नियमात काय बसत नाही ते बघा. १९७४ चं नीस ऑलिम्पियाड, कारपोव्ह विरुद्ध उन्झिकर. चोविसाव्या चालीला कारपोव्हने उंट सरळ ए७ वर नेऊन ठेवला. काही मारलं नाही, काही दिलं नाही. फक्त ती पट्टी बंद केली आणि उंटाच्या आडोशाने आपले हत्ती निवांत जमवले. समोरचा गुदमरला. पन्नास वर्षं जगभरातले प्रशिक्षक ही चाल शिकवतायत. पण बळी कुठाय? नाही. मग नियमाप्रमाणे ती 'ब्रिलियंट'ही नाही!

उलट उदाहरण १९९८ चं, लिनारेस. टोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने उंट चक्क प्याद्याच्या तोंडी ठेवला, कशासाठी, तर आपल्या राजाला मध्यभागी पोचायला एक चाल वाचावी म्हणून. हा बळी आहे, शिक्का मिळेल. पण लोक या चालीपुढे थक्क होतात ते उंट दिला म्हणून नव्हे. अशा जागी असा विचार माणसाच्या डोक्यात आला म्हणून. त्या काळच्या संगणकांनाही ती सहज सापडत नव्हती. आजच्या इंजिनाला ना कारपोव्हचं आश्चर्य, ना शिरोव्हचं. आश्चर्य वाटायला आधी अडायला लागतं.

तीच गत 'अ‍ॅक्युरसी'ची. ९६ टक्के आले म्हणून बाप स्टेटस ठेवतो. अहो, पाठ केलेली ओपनिंग खेळून समोरचा विसाव्या चालीला कोसळला तर ९६ येणारच. सत्तर चालींचा घाम काढणारा डाव खेळलात तर ७८ येतील. चाल शोधायला किती अवघड होती हे तो आकडा सांगत नाही, इंजिनाच्या चालीशी किती जुळली एवढंच सांगतो. २८ जुलै २०२५ ला बाटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकला. वय १९. शेवटच्या डावात घड्याळाच्या दडपणाखाली चुका दोघींकडूनही झाल्या. टक्के मोजत बसणाऱ्याला त्या डावात नुसत्या चुकाच दिसतील. जग जिंकलं ते दिसणार नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात. अजिबात नाही. ज्या पोराच्या घरी कोचला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी इंजिन म्हणजे देवमाणूस आहे. स्टॉकफिश फुकट आहे. लिचेस फुकट आहे, ना जाहिरात, ना वर्गणी. आणि बघा, लिचेस चुका दाखवतं, पण 'ब्रिलियंट'चा शिक्का मारत नाही. इंजिन तेच, मथळा नाही. तरी तिथे माणसं शिकतातच की! मग शिक्का कशाला लागतो? तुम्ही पुन्हा यावं म्हणून. फुकट खात्यावर रिव्ह्यू मोजकेच मिळतात, आणखी शिक्के बघायचे तर वर्गणी भरा. धंदा आहे, करू दे. आपण त्या धंद्याला अभ्यासक्रम का बनवायचा?

आणि हे कुठे चाललंय? गिरगाव-लालबागच्या पट्ट्यात. ज्या गिरगावातून 'नवाकाळ' निघायचा त्या खाडिलकरांच्या घरातल्या तीन मुलींनी या देशाचं महिला बुद्धिबळ उभं केलं. वासंती १९७४ ची पहिली राष्ट्रीय विजेती. जयश्री १९७९ ला भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर. आणि रोहिणी १९७६ ला, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. त्या स्पर्धेत तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. या घरात काय इंजिन होतं? पट होता, पुस्तकं होती, आणि "ही चाल का खेळलीस?" असं विचारणारी माणसं होती.

सगळं या 'का' मध्ये आहे. सुंदर डावाला बक्षीस देण्याची पद्धत जुनी आहे. १८७६ ला न्यूयॉर्कमध्ये बर्डला मेसनविरुद्धच्या डावासाठी पहिलं असं बक्षीस मिळालं. पण ते माणसांनी डाव बघून दिलं होतं. चुकलेही असतील, वाद झाले असतील. वाद घालता येतो हेच तर महत्त्वाचं. ॲपच्या शिक्क्याशी वाद कसा घालणार?

म्हणून क्लासवाल्यांना आणि गणेशोत्सवात स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना हात जोडून सांगणं आहे. शिक्के मोजून मेडल देऊ नका. 'सर्वोत्कृष्ट चाल' हे बक्षीस जरूर ठेवा, पण मुलाला पटासमोर उभं करा आणि विचारा, का खेळलास, दुसरं काय बघितलंस, भीती कशाची वाटली. ज्याला सांगता येईल त्याला द्या. पालकांनो, आज रात्री पोराला टक्के विचारू नका. डाव मांडून दाखवायला सांगा. तुम्हाला खेळ येत नसेल तरी चालेल, त्याला सांगायला येतंय का ते कळेलच.

त्या पोरीला मी एवढंच म्हटलं, बाळा, वजीर द्यायचा तेव्हा दे, पण उद्गारचिन्हासाठी नको. तिने मान हलवली. पण पुढच्या रविवारी क्लासच्या ग्रुपवर पुन्हा फोटो येणार आहेत, आणि मान हलवलेली विसरायला एक फोटो पुरतो.

पटलं तर क्लासच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण कारण देऊन भांडा, शिक्का मारून नको.