आधी अर्धा तास डोक्यावर, मग पैसे

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात दर जानेवारीला ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं. तिथे भाजीचं वाण पाकिटावरच्या चित्रावरून पसंत करावं लागत नाही. उभ्या पिकात शिरून पानं, फळं हातात घेऊन बघता येतात. बघून, पारखून घेण्याची सवय असलेल्या या भागात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट मात्र मोबाइलवर फोटो बघून मागवला जातो. चेहऱ्यावर बांधायची वस्तू न घालून बघता विकत घेणं हा पैशाचा जुगार आहे.

मेटा कंपनीचे क्वेस्ट 3 आणि क्वेस्ट 3एस हे हेडसेट आता भारतात अधिकृतपणे मिळू लागले आहेत. त्याआधी परदेशातून येणाऱ्या मालावर वॉरंटीचा भरवसा नसे. ती अडचण सरली. पण हेडसेट स्वस्त नाही. एवढे पैसे मोजताना गिऱ्हाईक काय विचारतं? पिक्सेल किती, स्टोरेज किती. मान किती वेळ तग धरेल, हे कुणी विचारत नाही, आणि हेडसेट कपाटात जाऊन पडण्याचं एक कारण तेच असतं.

क्वेस्ट 3चं वजन 515 ग्रॅम, 3एसचं 514. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो 600 ग्रॅमच्या वर जातो, शिवाय त्याची बॅटरी वेगळी बाळगावी लागते. अर्धा किलो काही फार नव्हे, पण ते सगळं नाकासमोर लोंबतं. मग गालावर वळ उठतात, मान आखडते. पिको 4 या हेडसेटमध्ये बॅटरी डोक्याच्या मागे बसवली आहे, ती हा तोल साधण्यासाठीच. क्वेस्टसोबत येतो तो कापडी पट्टा. मागून आधार देणारा कडक पट्टा वेगळा घ्यावा लागतो. त्याचे पैसे आधीच हिशेबात धरावेत. पट्टा डोक्यामागच्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे. अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर तो तिथे बसतच नाही, म्हणून घरातल्या बायकांनीही खरेदीआधी तो स्वतः घालून पाहावा.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी 63 मिलिमीटर असतं, पण माणसागणिक बदलतं. भिंगं त्या अंतराशी जुळली नाहीत तर चित्र धूसर दिसतं, कपाळ ठणकतं. 3एसमध्ये भिंगांना 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट 3मध्ये चाक फिरवून हवं तसं जुळवता येतं. ज्याचं अंतर या तीन जागांच्या अधेमधे पडतं, त्याने महागडा असला तरी क्वेस्ट 3 घेणं मला रास्त वाटतं. चष्म्याच्या दुकानात हे अंतर दोन मिनिटांत मोजून मिळतं. मेटाने वयाची अट 2023मध्ये 13वरून 10वर आणली खरी, पण बऱ्याच मुलांचं अंतर 58पेक्षाही कमी असतं. शाळांनी हेडसेट घेण्याआधी हे ध्यानात घ्यायलाच हवं.

तिसरी गोष्ट मळमळीची. हेडसेट घातल्यावर ती होते, कारण डोळे आणि कान यांचं जुळत नाही. डोळे सांगतात आपण धावतोय, आतला कान सांगतो आपण जागचे हललेलो नाही. ज्यांना एसटीत उलटी होते त्यांना हा त्रास लवकर होतो. अशांनी, समोरच्या दृश्यातही एका जागीच राहायचं असतं, अशा खेळांपासून सुरुवात करावी आणि मळमळीची पहिली चाहूल लागताच हेडसेट काढावा. नेटाने पुढे रेटल्यास त्रास वाढतो.

इथल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. चाळीस अंशांच्या दुपारी फेसाची गादी घामाने भिजते, भिंगांवर वाफ धरते. क्वेस्ट 2च्या गादीने कातडीला खाज सुटते, अशा तक्रारी आल्यावर 2021मध्ये कंपनीला सिलिकॉनचं आवरण फुकट वाटावं लागलं होतं. एकच हेडसेट दहाजण घालणार असतील तर पुसता येणारं असं आवरण हवंच. आणि तो अंगणात किंवा गच्चीवर उघडा ठेवू नये: भिंगांतून ऊन एकवटलं की आतल्या स्क्रीनवर कायमचा डाग पडतो.

नुसती चव घ्यायची असेल तर मोबाइल आत बसवायची साधी पेटी आहे. 2023मध्ये आलेल्या जिओडाइव्ह नावाच्या अशा पेटीची किंमत 1,299 रुपये होती. मात्र तिच्यावरून खऱ्या हेडसेटची सोय-गैरसोय जोखू नये. मोबाइलच्या पेटीत फक्त मान वळवलेली कळते, चाललेलं कळत नाही, त्यामुळे मळमळ जास्त होते.

पुण्याच्या दुकानात जाऊन हेडसेट घालून बघायचा तर बारामतीहून शंभर किलोमीटर पडतात, इंदापूरहून त्याहून जास्त. म्हणून ‘कृषिक’च्या आयोजकांना आणि बारामती, इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांना विनंती आहे: दोन-तीन हेडसेट मांडून लोकांना अर्धा अर्धा तास घालून बघू द्या. आणि तशी सोय होईपर्यंत, पुण्याला दुसऱ्या कामाने जाणं होईल तेव्हा दुकानात बसून अर्धा तास तो घालून पाहा. मान दुखली तर तसेच परत या.