मेकॅनिकची अप्रेंटिसशिप : मागे जाणे की बंद दार उघडणे?

मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने अप्रेंटिसचे विद्यावेतन 36 टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. दरमहा 5,000 ते 9,000 रुपयांची चौकट 6,800 ते 12,300 रुपयांपर्यंत न्यावी, असा तो प्रस्ताव होता. ही बातमी आपल्या वस्त्यांशी थेट संबंधित आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली मुले-मुली आपल्या घराघरांत आहेत. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांचे दोन-तीन प्रयत्न झालेले आणि आता हातात काहीतरी कौशल्य हवे असे वाटणारेही आहेत. बावीस-चोविसाव्या वर्षी अप्रेंटिसचे पत्र आले की घरात वाद सुरू होतो. "एवढं शिकून शेवटी पाना-पक्कडच का?" असे आई-वडील विचारतात. त्यामागे पिढ्यांची दुखरी आठवण आहे, म्हणून तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर देताना आपलाच इतिहास नीट वाचला पाहिजे.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे तिथले प्रतिपादन आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणातील दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. रेल्वेच्या कार्यशाळांत आपला माणूस मेकॅनिक म्हणून क्वचितच घेतला जातो, मिस्त्री किंवा फोरमन तर होतच नाही, तो कुली म्हणून लागतो आणि कुलीच राहतो, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. मुंबईच्या गिरण्यांतही हेच चित्र होते. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्याला प्रवेश नव्हता, कारण तिथे धाग्याला तोंड लावावे लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. 1928-29 च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

म्हणजे यंत्रावरचे कुशल काम आपल्यावर लादलेले नव्हते, ते आपल्यापासून राखून ठेवलेले होते. म्हणून आमच्या मते प्रश्न हाताला ग्रीस लागण्याचा नाही. कोणत्या अटींवर लागते, हा आहे. कुली म्हणून राबवून घेणार असतील तर ते मागे जाणेच आहे. कारागीर म्हणून घडवणार असतील तर तो मनमाडच्या मागणीचाच पुढचा टप्पा आहे. सम्मा आजीवाच्या कसोटीवरही हा व्यवसाय स्वच्छ आहे.

अटी ठरवणारा कायदा म्हणजे शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961. त्यातील कलम 3-अ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. या कलमानुसार निर्देशित ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवणे नियोक्त्यावर बंधनकारक आहे, मग तो नियोक्ता खासगी असला तरी. खासगी नोकरीत आरक्षण नाही, पण खासगी कारखान्यातील अप्रेंटिसच्या जागेत ते आहे. 1990 च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाल्यामुळे आपली मुले या जागांवर हक्क सांगू शकतात. मात्र जातीचे प्रमाणपत्र हाती हवे. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणे सक्तीचे आहे. कराराची नोंदणी व्हावी लागते. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. कामावर दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारी नियोक्त्याची असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला नाही. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही नियोक्त्यावर नाही. म्हणूनच काही ठिकाणी दरवर्षी नवी तुकडी घेऊन कमी पैशांत काम उरकले जाते. आयटीआय झालेल्या मुलाला मिळणारे किमान 7,000 रुपये शहरात खोलीभाडे आणि खानावळीतच संपतात. 36 टक्के वाढ झाली तरी गावाकडून आलेल्या मुलाचा घरावरचा भार पूर्ण उतरत नाही.

नावांचा गोंधळही टाळायला हवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय व पदविकाधारकांसाठी 8,000 रुपये ठरले, म्हणजे अप्रेंटिसच्या किमान रकमेपेक्षा जास्त. पण तिथून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये 'हेल्पर' म्हणून राहिल्यास हात तयार होतो, पण कागद काहीच मिळत नाही. पुढे भरतीत कागदच विचारला जातो. रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी आहेत. तिथल्या अप्रेंटिस भरतीत 24 वर्षांची वयोमर्यादा अनुसूचित जातींसाठी पाच वर्षांनी शिथिल आहे. त्यामुळे पंचविशी उलटली म्हणून दार बंद झाले असे समजू नये.

आता व्यवसायही बदलतो आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले आणि दुचाकीतही कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. दोष शोधायला कानासोबत स्कॅनर लागतो. इलेक्ट्रिक वाहनांचा ट्रेड आयटीआयमध्ये आला आहे. एसटी आणि बेस्ट भाडेतत्त्वावर ई-बस घेत आहेत. अशा करारात देखभाल-दुरुस्ती बस पुरवणाऱ्या कंपनीकडे असते. म्हणजे जिथे आरक्षणाने आपला माणूस मेकॅनिक होत होता, त्या सार्वजनिक कार्यशाळेतील काम खासगी हाती सरकते आहे. तिथे शिरण्याचा आरक्षित मार्ग उरतो तो अप्रेंटिसच्या जागेचा. तोही आपण मागितला नाही तर आपोआप मिळणार नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा? करार नोंदणीकृत आहे का, ट्रेड कोणता, प्रमाणपत्र कोणते, बीएस-6 व इलेक्ट्रिक वाहनांवर काम मिळेल का, मागच्या तुकडीतील किती जण तिथेच किंवा दुसरीकडे लागले, हे सही करण्याआधी विचारावे. मागच्या वर्षीच्या दोन अप्रेंटिसना गाठून दिवसभर काय काम दिले जाते ते समजून घ्यावे. आडनाव कळल्यावर एखाद्याला वर्षभर गाड्या धुण्यावर आणि झाडलोटीवरच ठेवले जात असेल, तर तो जातिभेद आहे. प्रशिक्षण ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणेच द्यावे लागते. तसे होत नसेल तर तारीखवार नोंद ठेवून जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्राकडे लेखी तक्रार करावी. आयटीआय झालेल्यांना बहुतेक यांत्रिक ट्रेडमध्ये हा एक वर्षाचा प्रश्न आहे. उत्तरे समाधानकारक असतील तर ते वर्ष द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पदविका किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी त्यानंतरही करता येते. ज्याची परीक्षेची तयारी खरोखर टप्प्यात आली आहे, त्याने मात्र घाबरून ती सोडू नये.

हा भार एकट्या मुलावर टाकून चालणार नाही. अनेक विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच विहारात अप्रेंटिस नोंदणीचा अर्ज भरून देणारे, करार वाचून दाखवणारे एक टेबलही असावे. तालुक्यातील मोठ्या आस्थापनांनी कलम 3-अ प्रमाणे किती जागा भरल्या, हे संघटनांनी दरवर्षी लेखी विचारावे. सरकारी कार्यालयांकडून माहिती अधिकारात आकडे मागवता येतात. निवृत्त रेल्वे आणि एसटी कर्मचारी आपल्यातच आहेत. मुलांना कार्यशाळेची रीत सांगायला त्यांच्यापेक्षा चांगले शिक्षक कोण?

1938 मध्ये मेकॅनिकची जागा मागावी लागत होती. आज ती कायद्यात लिहिलेली आहे. ती भरली जाते का, हे पाहणे आपले काम आहे.

जय भीम.